कंट्रोलची कसली पूजा?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य, माननीय गणपतराव काळबांडे साहेब; ज्यांच्या देणगीतून आमच्या जीवरसायन विभागात नवा सूक्ष्मदर्शक आला, ते धरमपेठेतले औषधांचे व्यापारी माननीय भैयाजी; आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे सायंकाळी कार्यालय बंद होईपर्यंत तरी आमचे विभागप्रमुख असलेले डॉक्टर मार्तंड वैरागडे सर; पहिल्या रांगेत बसलेल्या, पण खरं म्हणजे इथे वर बसायला हव्या होत्या अशा सरांच्या सौभाग्यवती यमुताई; प्राध्यापक मंडळी, विद्यार्थी मित्रांनो, आणि मागच्या दाराशी उभं राहून आलूबोंड्यांच्या ताटावर करडी नजर ठेवणाऱ्या सज्जनांनो, सर्वांना माझा नमस्कार.

प्राचार्य साहेबांनी मला सकाळीच बोलावून घेतलं. म्हणाले, "वच्छलाबाई, उद्यापासून विभागाचा भार तुमच्यावर. तेव्हा सरांबद्दल चार शब्द तुम्हीच बोला." मी उठले, दारापर्यंत गेले, तर मागून म्हणाले, "चांगले शब्द बोला हं." आता साहेब, निरोपाच्या कार्यक्रमात कुणी वाईट बोलल्याचं कधी ऐकलंय का? आपल्याकडे माणूस चांगला व्हायला दोनच मार्ग आहेत, त्यातला निवृत्ती हा त्यातल्या त्यात बरा. मी चांगलंच बोलणार आहे. आणि चांगलं बोलायचं म्हणजे खरं बोलायचं, असं सरांनीच आम्हाला शिकवलंय.

आत्ता मानपत्र वाचलं गेलं. फार सुंदर भाषा आहे, सोनेरी अक्षरं आहेत. त्यात म्हटलंय की सरांनी 'पोटॅशियमच्या वाहिनीवर प्रकाश टाकला'. टाळ्याही झाल्या. पण ही वाहिनी म्हणजे काय, हे किती जणांना कळलं? भैयाजी, तुम्ही मघाशी मान डोलावलीत, म्हणजे तुम्हाला कळलं असावं. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी मी सोपं करून सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला भिंत असते आणि त्या भिंतीत बारीक बारीक दारं असतात. एक दार फक्त पोटॅशियमसाठी. ते उघडतं, मिटतं, म्हणून मेंदू चालतो, हृदय चालतं, आणि मी इथे उभी राहून बोलू शकते. हे दार प्रथिनाचं असतं आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही. मग ते मेंदूत कुठे कुठे आहे हे शोधायचं कसं? तर त्या दाराचा एक लहानसा तुकडा बनवून सशाला टोचायचा. सशाचं रक्त त्या तुकड्याला ओळखायला शिकतं. रक्तात जो ओळखणारा पदार्थ तयार होतो, त्याला प्रतिपिंड म्हणा, अँटीबॉडी म्हणा. लग्नघरात कशी एखादी आत्या असते, हजार माणसांत आपल्याकडचं माणूस बरोबर हेरते, तसा हा पदार्थ आपलं दार हेरतो. त्याला हिरवा चमकणारा रंग जोडायचा, उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर सोडायचा, आणि भैयाजींच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. जिथे हिरवं चमकलं तिथे दार. झालं, एवढंच आहे.

आपल्या नागपुरात, उन्हाळ्यात वीज गेली की फ्रिजमधलं सगळं आंबतं अशा गावात, हे काम करायचं सरांनी ठरवलं. लोक हसले. मीही हसले. सर हसले नाहीत. दाराचा तुकडा बंगलोरच्या मित्राकडून मागवला, ससे आणले, आणि मे महिना आला. आपला मे महिना! विभागातल्या खोलीत ससे जीभ काढून पडले. सरांनी काय करावं? सगळे पिंजरे घरी नेले, दिवाणखान्यात मांडले आणि वाळ्याचा कूलर लावला. यमुताई गच्चीवर झोपायला गेल्या. मला म्हणाल्या, "वच्छला, लग्न झाल्यापासून कूलर मागून राहिले मी. यांनी आणला तो सशांसाठी." मी म्हटलं, ताई, तुमच्या रक्तात अँटीबॉडी नाही ना, काय करणार. त्या हसल्या, आत्ताही हसताहेत बघा. आणि एक सांगते. दुसरीकडे शेवटी सशाचं सगळं रक्त काढून घेतात. सरांनी एकही ससा मरू दिला नाही. कानाच्या शिरेतून थोडं थोडं रक्त घ्यायचे आणि वर त्याला गाजर द्यायचे. हा माणूस असा आहे, हे मला आधी सांगायचं होतं. पुढचं ऐकताना हे ध्यानात राहू द्या.

तर अँटीबॉडी तयार झाली. काम कुणाच्या हाती दिलं? कुमारी प्रेमलताच्या. सरांची संशोधक विद्यार्थिनी, रामटेककडची. ती तिथे, खिडकीजवळ, मान खाली घालून बसली आहे. प्रेमलता, मान वर कर वं, कुणी खात नाही. तिच्या शेजारी पांढऱ्या टोपीतले तिचे वडील नत्थूजी. धानाची शेती आहे त्यांची. सरांसाठी चिनोर तांदळाची थैली घेऊन पहाटेच्या एसटीनं आलेत.

प्रेमलता आठवडेच्या आठवडे काप करायची, रंगवायची, बघायची. काही म्हणजे काही दिसेना. सगळा अंधार. सर रोज विचारायचे, "दिसलं?" ती म्हणायची, "नाही सर." मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली.

आमच्या विभागात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, हे सर्वांना ठाऊक आहे. तराजूला हळदीकुंकू, फ्रिजला झेंडूचा हार, पेढा मात्र सर्वांना अर्धाच. सर स्वतः कट्टर विज्ञानवादी. पहिल्या वर्षाच्या मुलांना दरसाल व्याख्यान देतात, 'पुराव्याशिवाय काही मानू नका'. पण पूजा स्वतःच्या हातानं करतात. मी एकदा विचारलं, सर हे कसं? तर म्हणाले, "वच्छलाबाई, यंत्रं बिघडली तर कंपनीचा माणूस मुंबईहून येतो. तो येतो की नाही, हे विज्ञानाच्या हातात नाही." या उत्तरात काही खोट असेल तर मला दाखवा.

त्या वर्षी सरांनी घरची हळद आणली होती, यमुताईंनी स्वतः दळलेली. वास दारात यायचा. सर ओल्या हळदीची बोटं उमटवत निघाले आणि प्रेमलताच्या टेबलाशी आले. तिथे दोन काचेच्या बरण्या होत्या. अँटीबॉडी लावलेले काप एका बरणीत धुवायचे. दुसरी बरणी कंट्रोलची. कंट्रोल म्हणजे असे काप, ज्यांना बाकी सगळं तेच करायचं, फक्त अँटीबॉडी लावायची नाही. ते काळेच राहिले पाहिजेत. तेही चमकले, तर समजायचं की आपलंच काहीतरी चुकतंय. न्यायाधीशच म्हणा ना तो आपल्या कामाचा. सरांनी पहिल्या बरणीला भक्तिभावानं हळद लावली. झाकण नव्हतं, त्यामुळे बोटं काठावरून आतही गेली. प्रेमलतानं विचारलं, "सर, याले नाही लावायची?" सर म्हणाले, "अगं, ती कंट्रोल. तिच्यात काही व्हायचंच नाही. कंट्रोलची कसली पूजा?"

मी तिथेच उभी होते, हातात माझा अर्धा पेढा घेऊन. सगळे हसलो.

दसरा झाला, काम पुन्हा सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी मेंदूचा काप हिरवागार चमकला! काय सांगू तुम्हाला. सर्वदूर हिरवं, जणू मेंदूत दारंच दारं आहेत, भिंत नावालाही नाही. कंट्रोल मात्र काळं कुळकुळीत. सर व्हरांड्यात धावत आले. या वयाचा माणूस धावताना मी प्रथमच पाहिला. सर्वांनी डोळा लावून बघितलं. अभिनंदन झालं, पुन्हा पेढे आले, या खेपेला अख्खे. आणि सरांनी फर्मान काढलं की ती बरणी शुभ आहे. तिला घासायचं नाही, नुसती विसळायची. काप धुवायचे ते तिच्यातच.

मग काय विचारता! हैदराबादच्या परिषदेत सरांनी चित्रं दाखवली. वर्तमानपत्रात फोटो आला. जरीपटका वस्तीत भैयाजींच्या व्यापारी मित्रांनी सत्कार केला, तिथे एका वक्त्यानं सरांचा उल्लेख 'पोटॅशचे शास्त्रज्ञ' असा केला आणि दोन शेतकऱ्यांनी खताचा भाव विचारला. देशभरातून पत्रं आली, आम्हालाही तुमची अँटीबॉडी पाठवा. सरांचा हात सढळ. बर्फात घालून बाटल्या रवाना केल्या, पुण्याला, बनारसला. थोड्या दिवसांनी तिकडून उत्तरं आली की आमच्याकडे काहीच चमकत नाही. सर म्हणाले, त्यांचे सूक्ष्मदर्शक जुने असतील. असतीलही. मला तर वाटतं, बनारसला खंडेनवमी आपल्यासारखी करत नसावेत.

काही जण हसले. म्हणजे त्यांच्या लक्षात आलं. बाकीच्यांसाठी सांगून टाकते. हळद हिरवी चमकते. आपल्या स्वयंपाकघरातली हळद, सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या दिव्याखाली धरा, अशी चमकते की अँटीबॉडीनं लाजावं. धुण्याच्या पाण्यात साबणासारखं द्रव्य असतं, त्यानं काठाची हळद उतरायची आणि मेंदूच्या कापात मुरायची. कंट्रोलच्या बरणीला हळद नव्हती, म्हणून कंट्रोल काळं. पाणी प्या सर. मी येतेय मुद्द्यावर.

हे शोधलं प्रेमलतानं. तिला त्या हिरव्याचा संशय आला, कारण ते फारच छान होतं. तिनं नवी कोरी बरणी घेतली, काप धुतले, तर हिरवं गायब. मग तिनं जी गोष्ट केली, ती ऐकून मला वाटलं की आपण इतकी वर्षं शिकवलं ते वाया गेलं नाही. तिनं कंट्रोलच्या बरणीला हळद लावली. पूजाच केली म्हणा तिची. आणि ज्या कापावर अँटीबॉडीचा थेंबही पडला नव्हता, तो काप दिवाळीसारखा उजळला. ती ते घेऊन सरांकडे गेली. मी शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. सर एरवी शुद्ध पुस्तकी बोलतात, पण रागावले की त्यांच्या आईची भाषा बाहेर येते. मोठ्यानं म्हणाले, "मले दिसून राहिलं ना! साऱ्या हैदराबादले दिसलं! मंग तुलेच काहून दिसत नाही वं?" आणि ही पोरगी शांतपणे म्हणाली, "मलेही दिसते सर. हळद दिसते."

तिथून गोष्ट अडली आहे. तिच्या प्रबंधात ती हिरवी चित्रं आलीच पाहिजेत, असं सरांचं म्हणणं. मी खोटं लिहिणार नाही, असं तिचं. तिची शिष्यवृत्ती या पावसाळ्यात संपते. सर तिचे मार्गदर्शक. निवृत्तीनंतरही तेच राहणार, आणि त्यांनी होय म्हटल्याशिवाय तिचा प्रबंध पुढे जाऊ शकत नाही. चार वर्षं गेलीत तिची. मी सरांशी एकांतात बोलले. एकदा नाही, अनेकदा. सर म्हणाले, "वच्छलाबाई, माझा निरोप समारंभ नीट होऊ द्या, मग बघू." मग म्हणजे कधी सर? उद्यापासून तुम्ही मुलाकडे भोपाळला. मानपत्र भिंतीवर लागेल. भिंतीवर लागलेल्या गोष्टीतला शब्द कुणी बदलल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि बनारसला कुणीतरी एक मुलगा नाहीतर मुलगी, नाव माहीत नाही, तुमची बाटली समोर ठेवून बसली असेल. दिसत नाही म्हणून स्वतःच्या हातांना दोष देत असेल. सर, मला त्या पोराचं वाईट वाटतं हो. मला झोप येत नाही त्यानं.

प्राचार्य साहेब घड्याळ बघताहेत. आवरते. पण अजून मी ते चांगलं बोललेच नाही, ज्यासाठी मला उभं केलंय.

ते असं की सरांची अँटीबॉडी खरी आहे! होय, खरी आहे. स्वच्छ बरणीत धुतलेला काप प्रेमलतानं मला दाखवला. मी डोळा लावला, म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "बघत राहा मॅडम, डोळ्यांले सवय होऊ द्या." मी बघत राहिले. आणि मग एक बारीक हिरवी रेघ दिसली. मंद. जिथे दारं असायला हवीत तिथेच, बाकी मेंदूत कुठेही नाही. तिनं अँटीबॉडीत आधी तो सशाला टोचलेला मूळ तुकडा मिसळून बघितलं, तर ती त्यालाच चिकटून बसली आणि रेघ गेली. म्हणजे आत्याबाई आपलं माणूस बरोबर ओळखतात, फक्त त्या बोलतात हळू. सर, तुम्ही गच्चीवर बायकोला आणि कूलरपुढे सशांना ठेवून जे केलं, ते साधलंय. नागपुरात साधलंय. आणि तुम्ही त्या रेघेकडे बघायलाही तयार नाही, कारण तुम्हाला हळदीचा उजेड आवडला. हा कुठला न्याय? स्वतःच्या लेकराला ओळख देत नाही तुम्ही, आणि पाहुण्याला मांडीवर घेऊन बसला आहात.

रागावले मी. माफ करा. पण राग यायला माणूस जवळचा लागतो.

आज कार्यक्रमाआधी नत्थूजी मला व्हरांड्यात भेटले. त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. प्रेमलता एम.एस्सी. झाली तेव्हा घरी तिचं लग्न ठरवत होते. सर स्वतः एसटीनं त्यांच्या गावी गेले, बांधावर बसले आणि म्हणाले की पोरगी हुशार आहे, मला द्या, ती माझी जबाबदारी. नत्थूजींनी तेव्हा सरांना एकच गोष्ट विचारली होती. "सर, पाठवतो तुमच्या भरोशावर. पण तिले खोटं बोलता येत नाही, लहानपणापासूनच नाही. मंग तिथं तिचं भागते काय?" आणि सर म्हणाले होते, "नत्थूजी, तिथं तसलीच माणसं लागतात."

नत्थूजींना वाहिनी कळत नाही, अँटीबॉडी कळत नाही. त्यांनी आज मला विचारलं, "मॅडम, पोरीचं चुकलं काय, तेवढं सांगा. चुकलं असंन तर मी सरांच्या पाया पडतो." पण ते उत्तर माझं नाही. मी म्हटलं, आत येऊन बसा, सर स्वतः सांगतील.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर 'सत्कारमूर्तींचे मनोगत' आहे. सभागृह भरलेलं आहे. ज्यांनी हिरव्या चित्रांना टाळ्या दिल्या ते सर्व इथे आहेत, भैयाजीसुद्धा. विभागाच्या वतीनं शाल आणि श्रीफळ तुम्हाला मिळालंच आहे, सर. आमचं तुमच्यावर प्रेम आहे, ते हळद धुतली गेल्यानं उतरणारं नाही. चिनोर तांदूळही तुमचाच आहे, काहीही बोललात तरी. नत्थूजी तो परत नेणार नाहीत, मी विचारून घेतलंय.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, भैयाजींनी मधेच उठून जाण्याचं टाळलं, यमुताईंनी नवऱ्याविषयी एवढं ऐकूनही माझ्याकडे रागानं पाहिलं नाही, आणि आपण सर्वांनी आलूबोंडे थंड होत असताना शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. वेळ जास्त घेतला. सत्काराच्या दिवशी बोलू नये ते बोलले. भर सभेत वडीलधाऱ्या माणसाला अडचणीत टाकलं. माझं चुकलं, मला क्षमा करा.

बघा सर, 'माझं चुकलं' म्हणून झालं. काहीच झालं नाही. छत जागेवर आहे आणि लोकही बसलेलेच आहेत. या, माईक तुमचा.